चूक पकडेल त्याला लिमलेट

कॉलेजात रुजू होऊन मला जेमतेम काही दिवस झाले होते. परळच्या त्या जुन्या इमारतीत माझी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि पदार्थविज्ञानाचा वर्ग यांच्यामध्ये नुसतं लाकडी पार्टिशन होतं. एका सकाळी पार्टिशनपलीकडून खणखणीत आवाजात ऐकू आलं, की उंच डोंगरावर पाणी शंभर अंशांच्याही पुढे गेल्यावर उकळतं, आणि म्हणून तिथे डाळ चटकन शिजते. माझ्या हातातली परीक्षानळी हातातच राहिली. खरं तर सगळं नेमकं उलटं आहे, डोंगरावर पाणी लवकर उकळतं आणि डाळ शिजता शिजत नाही. एवढा ज्येष्ठ प्राध्यापक, आणि भर वर्गात हे बोलतो? तास संपेपर्यंत मी नुसती घुसमटत होते. शेवटी स्टाफरूममध्ये त्यांना एकटं गाठलं आणि शक्य तितकं नम्र होऊन, आडवळणाने, त्यांची चूक त्यांच्या कानावर घातली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शर्टाच्या खिशात हात घातला आणि माझ्या तळहातावर लिमलेटची एक नारिंगी गोळी ठेवली.

"पोरांनी वर्गातच पकडली," ते म्हणाले. "तू जरा उशीर केलास. पण घे."

ही सरांची आणि माझी पहिली भेट. पुढे कितीतरी वर्षं आम्ही त्या पार्टिशनच्या दोन बाजूंना शिकवत राहिलो आणि मला तो नियम कळत गेला. प्रत्येक तासात सर एक चूक मुद्दाम ठेवायचे. कधी आकडेमोडीत, कधी आकृतीत, कधी तोंडाने बोलण्यात. जो पकडेल त्याला लिमलेट. कुणीच पकडली नाही तर पुढच्या तासाच्या सुरुवातीला स्वतःच सांगायचे, आणि तेव्हा सगळ्या वर्गाने कपाळावर हात मारायचा, अशी पद्धत होती. बाकीच्या वर्गांत मुलं पेंगायची, सरांच्या वर्गात डोळ्यांत तेल घालून बसायची. मास्तर कुठे घसरतो हे बघण्याइतका आनंद विद्यार्थ्याला दुसरा कशात असतो?

स्वतः सर मात्र गोळी कधी खायचे नाहीत. मी एकदा छेडलंच, की दुसऱ्यांना वाटता आणि स्वतःला काय मधुमेह आहे का? तर म्हणाले की पकडणाऱ्याला गोळी लगेच, चुकणाऱ्याला चूक दुरुस्त केल्यावर. पण ती चूक खरी हवी, ठेवलेली नाही. "माझी वेळ आली की खाईन," असं म्हणून त्यांनी खिसा चाचपला.

दिसायला माणूस अगदी साधा. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, पायात चामड्याच्या चपला, उन्हाळ्यातसुद्धा काखेत छत्री. राहायला डिलाईल रोडला, वडिलांच्या वेळच्या चाळीतच. वडील गिरणीत होते, मूळ गाव मालवणजवळ. एरवी बोलणं शुद्ध, प्राध्यापकी, पण आनंद झाला की नाहीतर राग आला की आतला मालवणी उसळी मारायचा. त्यामुळे सर खूश आहेत की चिडलेत हे नवख्याला कळायचं नाही, काहीतरी मोठं घडलंय एवढंच कळायचं.

"कशावरून?" हा त्यांचा लाडका शब्द. वर्गात मुलाने उत्तर बरोबर दिलं तरी शाबासकी नाही, आधी "कशावरून?" हा प्रश्न. बरं, ही खोड वर्गापुरती असती तर एक वेळ चाललं असतं. चाळीच्या सभेत अध्यक्षांनी ठराव सर्वानुमते मंजूर झाला असं जाहीर केलं तेव्हा यांनी मागून कशावरून म्हणून विचारलं, आणि हात वर करून मोजायला लावलं, तर ठराव पडला. तेव्हापासून सभेची सूचना त्यांच्या दारावर जरा उशिराच लागायची. दादरच्या मासळीबाजारात मी एकदा त्यांच्याबरोबर होते. कोळीणमावशी म्हणाली पापलेट ताजं आहे. यांनी विचारलं, कशावरून? मावशीने सरळ तो मासा उचलला आणि सरांच्या नाकाला टेकवला. सर इतके खूश झाले, की दोन पापलेटं घेतली आणि घरी पोचेपर्यंत मला प्रयोगसिद्ध पुराव्याचं महत्त्व समजावत राहिले.

ही चुकीची भानगड कुठून सुरू झाली, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. महापालिकेच्या मराठी शाळेतून सर कॉलेजात आले तेव्हा सगळं इंग्रजीतून सुरू झालं, आणि पहिलं वर्षभर त्यांना एक अक्षर कळलं नाही. हात वर करून विचारायची छाती नव्हती. फळ्यावर एकदा मास्तरांचं अधिकाचं चिन्ह वजा झालं होतं. सरांना ते दिसलं होतं, पण मास्तर कसे चुकतील, आपलंच काहीतरी चुकत असेल, असं समजून त्यांनी तेच उतरवून घेतलं. त्या वर्षी नापास झाले. वडिलांनी गिरणीत लावायचं बोलणंही करून ठेवलं होतं. आई मध्ये पडली म्हणून पुन्हा फॉर्म भरला.

"मास्तर चुकू शकतो हे कळलं ना, की पोरगं तोंड उघडतं," सर म्हणाले होते. "माझं उघडलं नव्हतं गो."

मी सगळं हसण्यावारी नेणारी बाई, पण त्या दिवशी हसले नाही. मी चहा मागवला.

मग ते दिवस आले ज्यांची आम्ही सगळ्यांनी धास्ती घेतली होती. टाळेबंदी संपली, कॉलेज उघडलं, पण वर्ग काही पहिल्यासारखे भरेनात. मुलं म्हणायची, सगळं फोनवर आहे. आणि खरंच होतं. जगातल्या कुठल्या कुठल्या विद्यापीठांतले मोठमोठे प्राध्यापक त्यांच्या हातातल्या चौकोनात येऊन शिकवत होते, तेही फुकट, आणि हवं तिथे थांबवता येत होते. मग पहाटे उठून, धक्के खाऊन आमच्याकडे कोण येणार? स्टाफरूममध्ये रोज रडगाणं चालायचं आणि त्यात माझा सूर सगळ्यात वरचा. मी तर म्हणायचे की आता आपण फक्त परीक्षा घेणारे आणि शिक्के मारणारे उरणार.

सर मात्र एकटेच खुशीत. मी वैतागून विचारलं, की तुमचं दुकान बंद व्हायची वेळ आली आणि तुम्ही हसताय काय? त्यांनी चाळीतल्या विहिरीची गोष्ट काढली. त्यांच्या लहानपणी नळ यायच्या आधी सगळ्या आळीला ती एक विहीर. रांग लावायची, ओळख काढायची, भांडायचं. विहिरीवाल्याचा तोरा काय विचारता. मग घरोघरी नळ आले आणि विहीर ओस पडली. विद्यापीठाचं तेच झालंय, म्हणाले. मी म्हटलं, मग आता विहिरीने काय करायचं, बुजवून घ्यायचं?

"पाणी तपासायचं," सर म्हणाले. "नळाला आलं म्हणजे पिण्याजोगं असतं असं नाही. आणि हे तपासायचं काम एकट्या विद्यापीठाचं नाही. जो पितो त्यालाही वास येतो. त्याला बोलू द्यायला हवं."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या प्रयोगशाळेत आले आणि न विचारता एक लोखंडी स्टँड क्लँपसकट उचलून घेऊन गेले. त्या क्लँपमध्ये ब्यूरेट, म्हणजे मापाची लांब काचनळी, धरायची असते. यांनी त्यात स्वतःचा फोन आवळला, फळ्यासमोर उभा केला आणि शिकवायला सुरुवात केली. मराठीतून, मधे मधे इंग्रजी शब्द जसे मुलांच्या तोंडी असतात तसे. कॉलेजच्या नावाने चॅनेल उघडलं. माझा स्टँड मला परत मिळाला नाही.

पद्धत तीच. प्रत्येक व्याख्यानात एक चूक, आणि शेवटी छत्रीची मूठ कॅमेऱ्याकडे करून सांगायचं, की शोधा आणि खाली लिहा. सुरुवातीला आमचीच चार मुलं बघायची. मग कुठून कुठून लोक यायला लागले. चंद्रपूर, नंदुरबार, देवरुख, जालना. डी.एड. केलेले शिक्षक, बारावी सोडलेली मुलं, निवृत्त इंजिनिअर, लहान बाळ मांडीवर घेऊन ऐकणाऱ्या आया. व्याख्यानाखाली हमरीतुमरीवर यायचे. एक म्हणायचा चूक इथे आहे, दुसरा म्हणायचा ती चूक नाही, तूच पुस्तक नीट वाच, तिसरा गणित मांडून दोघांना गप्प करायचा. सर ते सगळं वाचत बसायचे आणि प्रत्येकाला एकच उत्तर, कशावरून?

पण गोळीचं काय? तर सरांनी चूक पकडणाऱ्यांकडून पत्ते मागवले आणि पाकिटात गोळी घालून टपालाने पाठवायला लागले. टपाल कचेरीतल्या बाईंनी पहिल्यांदा पाकीट चाचपून संशयाने बघितलं. पुढे पुढे त्याच विचारायला लागल्या, की या आठवड्यात कोण जिंकलं.

मालवणची एक मुलगी होती. पहिल्या वर्षाला असावी. गोळीसाठी पत्ता दिला होता तेवढाच, एरवी व्याख्यानाखाली कधी नाव लिहायची नाही, नुसती दोन प्रश्नचिन्हं टाकायची. जिथे सरांची चूक असायची नेमकी त्या क्षणाची वेळ आणि पुढे दोन प्रश्नचिन्हं. शब्द नाही. सरांनी तिला लिहिलं, की बरोबर पकडलंस, पण बोल ना. तिने उत्तर दिलं की वर्गातसुद्धा मी बोलत नाही, सर. ते वाचून सर लगेच पाकीट शोधायला लागले. तिला त्यांनी एकाऐवजी दोन गोळ्या पाठवल्या.

एवढं सगळं सुरळीत चाललंय म्हटल्यावर कुठेतरी माशी शिंकायचीच. विद्यापीठाने मराठीतून चांगली व्याख्यानं निवडून सगळ्या कॉलेजांना अभ्यासासाठी अधिकृत करायचं ठरवलं. सरांनी आपली मालिका पाठवली. आयुष्यात त्यांनी कधी बढती मागितली नव्हती, पण हे मात्र त्यांना मनापासून हवं होतं. मान्यता मिळाली तर मराठी शाळेतून आलेल्या कुठल्याही मुलाला पहिलं वर्ष आपल्या भाषेत समजून घेता येणार होतं, आणि त्याचे गुणही धरले जाणार होते. नापास झालेल्या त्या मुलाचं राहून गेलेलं काम सर करत होते, हे मला दिसत होतं.

आणि नेमकी तेव्हाच कुणीतरी तक्रार केली, की या व्याख्यानांत ढळढळीत चुका आहेत. आमचे प्राचार्य तक्रार वाचून पांढरेफटक पडले. त्यांनी सरांना बोलावून सुनावलं, की वर्गातला खेळ वर्गात ठीक होता, तुम्ही कॉलेजची अब्रू चव्हाट्यावर मांडलीत. विद्यापीठाची समिती येऊन चौकशी करणार, आणि निकाल विरुद्ध गेला तर मान्यता राहिली बाजूला, कॉलेजच्या चॅनेलवरून सगळी व्याख्यानं काढून टाकायची, असं त्यांनी बजावलं. सर शांतपणे म्हणाले, की समितीने चुका शोधल्या तर ती आनंदाचीच गोष्ट आहे. प्राचार्यांनी डोकं धरलं.

समिती यायच्या आदल्या दुपारी सर माझ्या प्रयोगशाळेत आले. चेहरा असा, की मला वाटलं घरी काहीतरी झालं. फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "वाच."

आता हे नीट सांगायला हवं. भरती-ओहोटी हा सरांचा हातखंडा विषय. दरवर्षी शुद्ध अष्टमी-नवमीच्या सुमाराला ते मुलांना संध्याकाळी दादर चौपाटीवर घेऊन जायचे. वर बघा, चंद्र डोक्यावर. समोर बघा, पाणी भरलेलं. चंद्र पाणी ओढतो, म्हणून चंद्र डोक्यावर आला की भरती. कुणी कशावरून विचारलं तर सर छत्रीने समुद्र दाखवायचे. मीही बघितलंय, अगदी तस्सं होतं. हेच त्यांनी व्याख्यानात सांगितलं होतं, आणि त्यातली मुद्दाम ठेवलेली चूक वेगळीच होती, ती केव्हाच सापडली होती.

पण मालवणच्या मुलीने चौपाटीच्या त्या वाक्याशी दोन प्रश्नचिन्हं टाकली होती. आणि या खेपेला पहिल्यांदाच खाली शब्द होते. आमच्याकडे चंद्र डोक्यावर यायच्या बराच आधी भरती होऊन जाते, सर. मी रोज बघते. त्याखाली रत्नागिरीच्या एका शिक्षकाने लिहिलं होतं, की आमच्याकडेही आधी, पण तुमच्याइतकं आधी नाही. मग भावनगरला नोकरीला असलेले, मूळचे लालबागचे एक गृहस्थ आले. त्यांनी लिहिलं, की इथे तर चंद्र पार कलला तरी चिखलच दिसतो, पाणी कितीतरी तासांनी येतं. मग सगळ्यांनी मिळून पंधरवडाभर आपापल्या किनाऱ्याचे फोटो टाकले होते, वेळेसकट. सर सविस्तर काही बोलले नव्हते, नुसतं कशावरून विचारत गेले होते, आणि ते लोक दाखवत गेले होते; आज सरांची खात्री पटली होती.

मी वाचलं आणि माझ्या लक्षात आलं. भरती म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने सरकत जाणारं पाणी. ते कुठे केव्हा पोचेल हे नुसत्या चंद्रावर नाही, किनाऱ्याच्या वळणावर आणि समुद्राच्या खोलीवरही ठरतं. दक्षिणेकडे आधी, उत्तरेकडे उशिरा. मुंबईत चंद्र डोक्यावर येणं आणि भरती होणं यांची गाठ निव्वळ योगायोगाने पडते. दादर चौपाटीचा योगायोग सरांनी आयुष्यभर जगाचा नियम म्हणून शिकवला होता. मुंबईकरच अशी चूक करू शकतो, हे मी मनात म्हटलं, कारण मीही मुंबईकरच.

"ठेवलेली नाही ना ही?" मी विचारलं.

"नाय गो," सर म्हणाले. "मी चुकलंय. खराच चुकलंय."

मला वाटलं आता हा माणूस खचणार, तेही समितीच्या आदल्या दिवशी. तर ते उठले, माझ्या बेसिनपाशी गेले, तोंडावर पाणी मारलं आणि वळून मुलाला नोकरी लागल्यावर बाप हसतो तसे हसले. "मालवणातून, रत्नागिरीतून, भावनगरातून," ते मोजल्यासारखं म्हणत होते. एका चौपाटीवर उभं राहून हे कधीच कळलं नसतं, आणि या लोकांपैकी एकट्यालाही कळलं नसतं, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, मग आता तरी गोळी खा. म्हणाले, दुरुस्त केल्यावर.

समितीत तिघं होते. अध्यक्ष, त्यांच्या हो ला हो करणारे एक सदस्य, आणि निवृत्तीला आलेल्या एक बाई, ज्यांच्या नावाने पीएच.डी.ची मुलं चळाचळा कापायची. मी लॅपटॉप सांभाळायला म्हणून बसले होते. अध्यक्षांनी गंभीरपणे एकेक चूक वाचून दाखवायला सुरुवात केली. पहिली चूक वाचली तशी सरांनी खिशातून गोळी काढून त्यांच्यापुढे ठेवली. दुसरीला दुसरी. अध्यक्षांना वाटलं आपली थट्टा चाललीय. प्राचार्य छताकडे बघत होते. मग सरांनी मला खूण केली आणि मी पडद्यावर दाखवत गेले. ही चूक, हा ती पकडणारा विद्यार्थी, ही त्यावरची भांडाभांडी, आणि हा पुढच्या व्याख्यानात सरांनी दिलेला खुलासा. समितीला सापडलेली प्रत्येक चूक नागपूर-नांदेडच्या मुलांना आधीच सापडलेली होती.

वातावरण निवळलं. अध्यक्षांनी गोळ्या बाजूला सारल्या आणि म्हणाले, की ठीक आहे, मग आम्ही असा शेरा मारतो की सर्व चुका हेतुपुरस्सर असून त्यांचं निराकरण झालेलं आहे, याखेरीज अन्य चूक नाही. प्राचार्यांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की कागद हलले. मी टेबलाखालून सरांच्या पायावर पाय दिला. गप्प बसा म्हणून. भरतीची चूक समितीतल्या एकालाही सापडलेली नव्हती. नंतर सावकाश दुरुस्त करता आली असती. कुणाचं काही बिघडलं नसतं.

सरांनी पाय काढून घेतला आणि उभे राहिले. "असा शेरा नका मारू," ते म्हणाले. "एक आणखी आहे. ती ठेवलेली नाही. ती माझी आहे."

आणि सांगून टाकलं. मी लॅपटॉपवर डोकं टेकायचंच बाकी ठेवलं. अध्यक्ष म्हणाले, मग प्रश्नच मिटला, अशी खरीखुरी चूक असलेली मालिका विद्यापीठ मान्य कसं करणार? प्राचार्यांचा चेहरा पुन्हा पांढरा. कित्येक वर्षांचं सरांचं स्वप्न एका वाक्याने गेलं, आणि ते वाक्य त्यांचंच होतं. मला इतका राग आला त्यांचा, की रडू यायला लागलं.

तेवढ्यात त्या बाई पहिल्यांदा बोलल्या. "ही चूक आहे," त्यांनी सरांकडे रोखून बघत विचारलं, "हे कशावरून?"

सरांचा चेहरा असा उजळला, की काय सांगू. आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न त्यांना परत मिळाला होता. मी घाईघाईने ते फोटो लावले. मालवण, रत्नागिरी, दादर, भावनगर. बाईंनी चष्मा वर सरकवला, स्वतःच्या फोनवर बंदरांची भरतीची वेळापत्रकं काढली आणि एकेक ताडून बघत राहिल्या. शेवटी फोन पालथा ठेवून त्या म्हणाल्या, की मीसुद्धा इतकी वर्षं हेच शिकवलंय, मुलांना गिरगाव चौपाटीवर नेऊन.

मग त्या अध्यक्षांकडे वळल्या. "आपल्या क्रमिक पुस्तकातही हेच वाक्य आहे. इतक्या वर्षांत कुणी पकडलं नाही, कारण पुस्तकाखाली लिहायला जागा नव्हती. यांच्याकडे आहे. मान्यता कुणाला द्यायची ते तुम्हीच सांगा."

अध्यक्ष काय सांगणार? मान्यता मिळाली. दोन अटी घातल्या, दोन्ही बाईंनी. एक, व्याख्यानाखालची लिहायची जागा कधीही बंद करायची नाही. दोन, भरतीचं व्याख्यान नव्याने करायचं. सरांनी वाकून नमस्कार केला आणि अध्यक्षांनी बाजूला सारलेल्या गोळ्यांपैकी एक बाईंच्या हातात दिली. प्राचार्यांनी बाहेर आल्यावर मला हळूच विचारलं, की सरांना कॉलेजतर्फे एखादा बरासा कॅमेरा घेऊन द्यावा का. मी म्हटलं, त्यापेक्षा मला माझा स्टँड द्या.

ते नवं व्याख्यान नवमीच्या संध्याकाळी झालं, दादर चौपाटीवर. थेट प्रक्षेपण. माझा स्टँड वाळूत रोवून फोन लावला होता, आणि दुसऱ्या पडद्यावर एकाच वेळी चार किनारे दिसत होते. भावनगरचे ते लालबागकर चिखलाच्या कडेला फोन धरून उभे, रत्नागिरीचे शिक्षक मुलांचा घोळका घेऊन जेटीवर, आणि मालवणच्या पुळणीवर ती मुलगी. समितीच्या बाई चपला हातात घेऊन आल्या होत्या. प्राचार्यही आले होते, बूट घालून. फिरायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. पडद्यावर बघणाऱ्यांचा आकडा वाढतच होता, मी मोजायचं सोडून दिलं.

सरांनी छत्री वर केली. चंद्र डोक्यावर, ते म्हणाले, आणि चारही ठिकाणी डोक्यावरच आहे. आता पाणी बघा. दादरला काठोकाठ. रत्नागिरीला उतार लागलेला. मालवणला त्याहून जास्त. भावनगरला अजून चिखल. मी इतकी वर्षं एकाच खिडकीतून बघितलं आणि तुम्हाला खोटं सांगितलं, आता या तिघांनी मिळून खरं काय ते दाखवलंय. मग समुद्राकडे तोंड करून, छत्रीने दिशा दाखवत म्हणाले, की पाणी तिकडून, मालवणकडून, असं वर चढत येतं.

फोनमधून एक बारीक आवाज आला. लिहिलेला नाही, बोललेला. त्या मुलीचा आवाज आम्ही कुणीच तोवर ऐकला नव्हता.

"सर, चुकलात," ती म्हणाली. "मालवण तकडे नाय. तुम्ही बांद्र्याक हात दाखवतात. मालवण तुमच्या डाव्या अंगाक."

सरांनी छत्रीकडे बघितलं. खरंच ती उजवीकडे, उत्तरेला रोखलेली होती. मालवणचा माणूस, आणि सगळ्या महाराष्ट्रासमोर स्वतःचं गाव बांद्र्याच्या बाजूला दाखवत होता. चौपाटीवर हशा पिकला. बाई तर वाळूत बसल्याच. मी सरांच्या चेहऱ्याकडे बघत होते, ही ठेवलेली असेल का म्हणून. नव्हती. वर्गात तोंड न उघडणाऱ्या एका पोरीने एवढ्या लोकांदेखत मास्तरला चुकलात म्हणून सांगितलं होतं, आणि मास्तरच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मी चुकलंय गो बाय," सर फोनकडे बघून म्हणाले. "बोललंस ता बरा केलंस."

त्यांनी छत्री सावकाश डावीकडे वळवली आणि मालवणच्या दिशेला नीट धरली. मग दुसरा हात खिशात घातला, नारिंगी गोळी काढली, दातांनी कागद सोडवला आणि तोंडात टाकली. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच बघत होते. एक गाल फुगवून, डोळे पुसत, सर पुन्हा कॅमेऱ्याकडे वळले.

"हं," ते म्हणाले, "दक्षिणेकडून पाणी आधी येतं. कशावरून?"

आणि चारही किनाऱ्यांवरून एकदम उत्तरं यायला लागली.